पदवीधरच्या उमेदवाराचा रोजगार आराखडा वाचलाय, रविवारच्या बैठकीत काय विचारू?

फॉर्मवाली ताई, घनसावंगी तालुका

नमस्कार मंडळी. गावात माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आणि सगळ्यात जास्त गर्दी भरतीच्या फॉर्मांची. मी स्वतः बी.कॉम. आहे. सहा वर्षं झाली, आसपासच्या पाच-सात गावांतल्या पोरापोरींचे अर्ज माझ्या हातून जातात. कुणाचं वय निघून चाललंय, कुणाची जात पडताळणी अडकलीय, कुणाचा फोटो जुना झालाय, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक तोंडावर आहे म्हणून बऱ्याच जणांचे मतदार यादीत नाव घालायचे नमुना १८ चे फॉर्म मी भरून दिले. (ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, मागचं नाव आपोआप चालत नाही. कितीतरी पदवीधरांना हे माहीतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.) परवा एक उमेदवार स्वतः केंद्रावर आले. नाव लिहीत नाही, मला इथं कुणाचा प्रचार करायचा नाही आणि कुणाला पाडायचंही नाही. माणूस नीट बोलला, घाई केली नाही. जाताना एक सोळा पानी पुस्तिका देऊन गेले, मराठवाड्यासाठी रोजगाराचा आराखडा. म्हणाले, ताई, तुमच्याकडं रोज पदवीधर पोरं येतात, त्यांना वाचायला द्या आणि रविवारी तालुक्याला बैठक आहे तिथं येऊन काय कमी-जास्त ते तोंडावर सांगा.

मी दोनदा वाचलं. मुख्य गोष्टी अशा: आठही जिल्ह्यांत मिळून सहा वर्षांत एक लाख रोजगार, प्रत्येक तालुक्याला एक कौशल्य केंद्र, तिथं सहा महिन्यांचं मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन, संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्या कंपन्यांत स्थानिकांना प्राधान्य, मुलींच्या वेगळ्या तुकड्या. वाचून मला बरं वाटलं. निदान कुणीतरी आपल्या पोरांच्या पोटापाण्यावर सोळा पानं लिहिली.

पण मी २०२३ ची तलाठी भरती विसरू शकत नाही. ४,६४४ जागा आणि राज्यातून दहा लाखांच्या वर अर्ज. फी खुल्याला १,००० आणि राखीवला ९००. आमच्या गावातला एक मुलगा, एम.ए. झालेला, फी भरायला आला. शंभराच्या नऊ नोटा त्याच्या आईनं बचत गटाच्या पासबुकात घडी घालून दिल्या होत्या, तो पासबुकासकट घेऊन आला. नोटा काढून दिल्या आणि पासबुक माझ्या टेबलावर उघडंच राहिलं. त्या महिन्याच्या हप्त्याची ओळ कोरी होती. मी काही बोलले नाही, फॉर्म भरला, पावती दिली.

तो आता एकतीस वर्षांचा आहे. परवा ही पुस्तिका त्यानं माझ्याच बाकावर बसून वाचली आणि विचारलं, “ताई, असं केंद्र खरंच निघालं तर मी तिथं बसू का? का अजून एक वर्ष सरळसेवेचा अभ्यास करू?”

मला उत्तर देता आलं नाही. फॉर्म भरता येतो, पण प्रशिक्षण म्हणजे आत काय चालतं, कंपनीच्या गेटवर काय होतं, हे मला माहीत नाही. ज्यांनी शिकवलंय, जे शिकलेत, जे कंपनीत आहेत, त्यांनी सांगा. रविवारी या माणसाला मी नेमकं काय विचारू?


निवृत्त निदेशक, फिटर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि त्या पासबुकाची ओळ डोळ्यांपुढून जाईना. मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, तीन जिल्ह्यांत मिळून सत्तावीस वर्षं. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी ते ‘सहा महिने’ घेऊ. फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे, वेल्डर एका वर्षाचा. ही मुदत कुणी उगाच ठरवलेली नाही. नवीन पोरगं आलं की पहिल्या महिन्यात आम्ही त्याला लोखंडी पट्टीचा एक तुकडा देतो आणि कानस (लोखंड घासायचं अवजार) देतो. चारही बाजू सपाट करायच्या आणि काटकोनात आणायच्या, एवढंच काम. तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) तुकडा धरतो आणि जोर लावून घासतो. घासून झालं की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा खिडकीच्या उजेडाकडं धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर परत घास. पहिला आठवडा सगळ्यांना उजेडच दिसतो. मधोमध फुगवटा राहतो, कारण हात पुढं जाताना कानस खाली झुकते आणि मागं येताना वर होते. तळहाताला फोड येतात, फुटतात, तिथं कातडी जाड होते. आणि मग एके दिवशी ती रेघ जाते. पोरगं मला बोलवायला येत नाही, आधी शेजारच्याला दाखवतं. त्या दिवसापासून ते कारागीर व्हायला लागतं. हे मी सत्तावीस वर्षं बघितलं. हुशार पोराला लवकर जमतं, मंद पोराला उशिरा, पण वेळ दिल्याशिवाय कुणालाच जमत नाही.

सहा महिन्यांत काहीच शिकता येत नाही असं माझं म्हणणं नाही. एक मशीन चालवायला शिकता येतं, सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, पार्ट लावायला-काढायला शिकता येतं. त्याची नोकरीही लागते. पण मशीन बदललं की तो माणूस पुन्हा शून्यावर येतो. म्हणून पहिला प्रश्न विचारा: सहा महिन्यांत नेमकं काय शिकवणार, आणि शिकलेल्याला पुढची पायरी कुठली?

दुसरं, नवीन केंद्र कशाला? आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक तालुक्याला शासकीय आयटीआय आधीच आहे. इमारत आहे, मशीनं आहेत. शिवाय १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात एकाच दिवशी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं उद्घाटन केलं. त्याच्याही आधी २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहेच. म्हणजे पाट्या भरपूर झाल्यात. उणीव आहे ती शिकवणाऱ्या माणसाची. निदेशक निवृत्त होतो आणि त्याची जागा तासिका तत्त्वावरच्या मुलावर चालते. त्याला तासाचे पैसे मिळतात, उन्हाळ्यात मिळत नाहीत, तो दुसरीकडं संधी मिळाली की जातो. बॅच अर्ध्यावर राहते.

मी एका ठिकाणी होतो, नाव घेत नाही, तिथं चांगलं लेथ मशीन आलं. त्याच्या जोडणीचं काम वर्षानुवर्षं कुणाच्या तरी टेबलावर होतं. आम्ही त्याला ताडपत्री घातली होती. दर शनिवारी पोरं ताडपत्री काढून ऑइल लावायची, गंज चढू नये म्हणून. दोन बॅचेस त्या लेथला ऑइल लावून पास झाल्या, ते फिरताना त्यांनी बघितलं नाही. ही गोष्ट मला आजही टोचते.

म्हणून ताई, उमेदवाराला तालुक्याच्या आयटीआयचं नाव घेऊन विचारा की तिथं मंजूर निदेशक किती, भरलेले किती, बंद मशीन किती. त्यांना माहीत नसेल तर माहीत करून घ्यायला सांगा. दुपारनंतर वर्कशॉप रिकामं असतं तिथं दुसरी पाळी चालवता येते. त्याला नवीन इमारत लागत नाही.

आता कुणी म्हणेल की पदवीधरचा आमदार काय करणार, कारखाना काढणं त्याच्या हातात नसतं. खरंय. विधान परिषदेत ७८ सदस्य, त्यात पदवीधरांचे सात. पण त्या सभागृहाला कमी समजू नका. रोजगार हमी योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे त्याच विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो, आमचे वडील आणि काका नाल्याच्या कामावर जायचे. पुढं १९७७ ला त्याचा कायदा झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. तीस वर्षांनी देशानं तोच मार्ग घेतला. पागेंनी आकडा जाहीर केला नव्हता, हक्क लिहून दिला होता. या पुस्तिकेत एक लाखाचा आकडा आहे, त्यात हक्क कुठं आहे ते मला शोधायचंय.

आणि एक हक्क तर आधीच कायद्यात आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन ७,००० ठरलं, त्यातला काही वाटा केंद्र सरकार देतं. आपल्या आठ जिल्ह्यांत अशा आस्थापना किती, त्यांनी किती शिकाऊ घ्यायला हवे होते आणि किती घेतले? हा तारांकित प्रश्न म्हणून, म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं असा, सभागृहात विचारता येतो. निवडून आलो तर पहिल्या अधिवेशनात विचारीन, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याला पैसा लागत नाही.


वाळूज सेकंड शिफ्ट

सर, पाया पडतो. मी तुमचा विद्यार्थी नाही, पण आयटीआयचाच आहे, इलेक्ट्रिशियन. गाव गेवराई तालुक्यात. अकरा वर्षं संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत आहे, आता मेंटेनन्सला.

ताई, सरांनी आयटीआयच्या आतलं सांगितलं, मी गेटच्या बाहेरचं सांगतो. माझ्या वाळूजजवळच्या रांजणगावच्या खोलीवर आतापर्यंत गावाकडचे चौदा जण राहून गेले. त्यातले नऊ परत गेले. नऊपैकी सात जणांना काम येत होतं. कामावरून कुणीच काढलं नव्हतं.

एकाचं सांगतो. वेल्डर झालेला, हात चांगला. बारा तारखेला ठेकेदाराकडं जॉइन झाला. पगार पुढच्या महिन्याच्या दहाला. म्हणजे अठ्ठावीस दिवस हातात काही नाही. घरून चार हजार घेऊन आला होता. मेसवाल्याला अॅडव्हान्स दिला, सेफ्टी शूज स्वतःचे घ्यावे लागले, मेडिकल करावं लागलं, खोलीत वाटा दिला. माझ्याकडूनही घेतले, मी दिले. पण त्या महिन्यात माझ्या मुलीला ताप होता, मी पण आटलेलो. तीस तारखेला मी सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला खोलीवर आलो तर त्याची पिशवी भरलेली. म्हणाला, “दादा, मेसवाला उद्यापासून डबा देत नाही म्हणला. घरी सोयाबीनच्या पेरणीला माणूस नाही, जातो मी.” पगाराला दहा दिवस राहिले होते. मी त्याला एसटीला शंभर रुपये दिले. दहा तारखेला त्याचा एकोणीस दिवसांचा पगार आला तेव्हा तो गावाकडं तिफणीमागं होता. वेल्डिंग त्यानं परत हातात घेतलं नाही.

सरकारच्या कागदावर त्याची नोंद काय असणार? प्रशिक्षण पूर्ण, नोकरी लागली. एक लाखातला एक तो पण झाला असता.

म्हणून माझा एकच प्रश्न आहे, तेवढा तरी विचारा. प्रशिक्षण संपल्यावर पहिले तीन महिने पोरगं कुठं राहणार आणि काय खाणार, हे आराखड्यात कोणत्या पानावर आहे? विद्यावेतन शिकताना देणार म्हणतात. शिकताना तो गावात असतो, घरची भाकरी असते. पैसा लागतो तो गाव सोडल्यावर. वाळूज, शेंद्रा, बिडकीनजवळ पोरांना तीन महिने राहायला साधी वसतिगृहं द्या, मेस चालवा, पहिल्या पगारातून हप्त्यानं कापून घ्या. आम्ही कुणी फुकट मागत नाही. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून एखादी इमारत उभी करता येते का हे त्यांनी बघावं.

आणि ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे वाक्य. सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगात ८० टक्के स्थानिक आणि सुपरवायझरच्या जागांवर ५० टक्के, हे धोरण जुनंच आहे. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. कोल्हापूरचा पण स्थानिक, नाशिकचा पण स्थानिक. तेही आपलेच भाऊ आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण घनसावंगीच्या पोराला वाटतं की प्राधान्य म्हणजे आपल्याला. ते तसं नाही, हे त्याला आजच सांगा, म्हणजे तो गेटवर येऊन निराश होणार नाही.

ठेकेदारीबद्दल पण विचारा. सात महिने काम, मग ब्रेक, मग नवीन कार्ड. दर ब्रेकला तो ‘नवीन रोजगार’ म्हणून मोजला जाणार असेल तर लाख व्हायला वेळ लागणार नाही. वर्षभरानंतर तोच माणूस त्याच जागी, पीएफ भरलेला, अशी मोजणी पाहिजे.

शेंद्रा-बिडकीन खोटं नाही, हे पण लिहितो. तिथल्या औद्योगिक नगरीचं, म्हणजे ऑरिक सिटीचं, लोकार्पण ७ सप्टेंबर २०१९ ला झालं, दोन्ही मिळून दहा हजार एकराच्या आसपास जमीन आहे, जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनसाठी सामंजस्य करार केला. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम येणार. आमच्या मेंटेनन्समध्ये आजच पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) आणि रोबोट सांभाळणारा माणूस सापडत नाही, बाहेरून इंजिनिअर बोलवावा लागतो. जे पोरगं यंदा आयटीआयला बसेल ते दोन वर्षांनी बाहेर पडेल, तेव्हा हीच कामं असणार आहेत. त्याला आज मोटर रिवाइंडिंगबरोबर हे पण हाताळायला मिळालं पाहिजे. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून निघालेल्या पोरांना लोक शोधत येतात, कारण ते खऱ्या मशीनवर खरं काम करून आलेले असतात. तसं जालन्यात, बीडमध्ये, हिंगोलीत का नको?


लातूरचा एक पालक

आमच्याकडचं थोडक्यात सांगूलालो. हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ ला झाली. डिसेंबर २०२० ला पहिला डबा तयार झाला, आम्ही पेढे वाटले, खोटं नाही. माझ्या मुलानं त्याच भरवशावर मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला. मग कारखाना नुसता उभाच राहिला. पुढं वंदे भारतच्या गाड्या करायचं काम रशियन कंपनी आणि रेल्वे विकास निगमच्या जोड-कंपनीकडं आलं. मुलगा तोवर चाकणला गेला, आता तिथंच रमला.

कारखाना येतो, पण उद्घाटनाच्या तारखेला येत नाही. लेकरांची वयं मात्र तारखेप्रमाणं वाढतात. तुमच्या उमेदवाराला म्हणावं, कुठला उद्योग कधी माणसं घेणार ते वर्ष लिहा, आणि वर्ष पुढं गेलं तर तसं जाहीर सांगा. आम्ही समजून घेऊ. न सांगितल्यावर मात्र एक पिढी वाट बघत बसते.


कोयत्यावरची लेक, बीड जिल्हा

ताई, मुलींच्या तुकडीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहायलेय.

माझे आई-बाबा ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायची, न जाऊन चालायचं नाही. मी चौथीपर्यंत अर्धी शाळा गावात आणि अर्धी उसाच्या फडावर केली. नंतर आजीनं ठेवून घेतलं म्हणून शिकले.

आमच्या भागात एक शिवणाचं प्रशिक्षण आलं होतं, तीन महिन्यांचं. कधी सुरू केलं? नोव्हेंबरात. ज्यांच्यासाठी होतं त्या सगळ्या बाया तेव्हा कोल्हापूर-सांगलीला नाही तर कर्नाटकात फडावर. नावं पूर्ण करायला गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आणि शाळेतल्या पोरी बसवल्या. मी बसले, कारण मी गावात होते. एप्रिलमध्ये बाया परत आल्या तेव्हा केंद्र बंद. पुढच्या वर्षी पुन्हा नोव्हेंबर. हे कुणी मुद्दाम करत नाही, पैसा वरून येतो तेव्हा बॅच सुरू होते. पण एप्रिल ते सप्टेंबर आमचं माणूस घरी असतं, हे आराखडा लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे.

शिकवलं पायाच्या मशीनवर. नंतर मी पुण्याकडं एका गारमेंट युनिटला गेले. तिथं पॉवरची मशीन. पहिल्या दिवशी पायडलवर नेहमीसारखा पाय दाबला तर कापड हातातून सरकन पुढं गेलं आणि शिलाई बोटाजवळून गेली. सुपरवायझर बाई म्हणाली, “शिकून आलीस म्हणतीस ना?” माझ्या पिशवीत सर्टिफिकेट होतं. मला ते काढून दाखवावंसं वाटलं नाही. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांवर सराव केला, मग हात बसला. आता मी तिथं लाइन सांभाळते, पंचवीस बायांची.

रविवारी विचारा की मुलींची तुकडी कोणत्या वेळेला, परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि आयटीआयला मुलींचं वसतिगृह आहे का. आमच्या गावच्या दोन पोरी इलेक्ट्रिशियनला लागल्या होत्या. प्रॅक्टिकल पाचला संपायचं, गाडी पावणेपाचला. पहिला महिना निदेशक सरांनी लवकर सोडलं, मग हजेरी कमी भरली, मग बापानं बंद केलं. त्या पोरींना वायरिंग यायचं. एकीचं तर त्याच वर्षी लग्न झालं.


निवृत्त निदेशक, फिटर

लेकी, तू त्या चिंध्यांवर सराव केलास तो प्रसंग माझ्या प्रत्येक बॅचला सांगायला पाहिजे होता. आणि पावणेपाचच्या गाडीचं तू बरोबर बोललीस. आम्हीही पोरींना असंच लवकर सोडायचो आणि आपण मदत करतोय असं समजायचो. खरं तर आगारात जाऊन गाडीची वेळ बदलून घ्यायला पाहिजे होती. ते मी कधी केलं नाही. चूक माझी आहे.

ताई, त्या एम.ए. मुलाबद्दल राहिलं. आयटीआयला वयाची वरची अट नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो. एकतीस म्हणजे उशीर नाही. माझ्याकडं चौतीस वर्षांचा एक जण येऊन गेला, दोन मुलांचा बाप, आज स्वतःचं वर्कशॉप आहे त्याचं. पण त्याला जबरदस्ती करू नका. एकदा वर्कशॉपमध्ये आणा, एक तास उभं करा, कानस हातात द्या. आवडलं तर त्याचं त्याला कळेल.


फॉर्मवाली ताई, घनसावंगी तालुका

सगळ्यांचे आभार. रविवारी गेले होते. तुम्ही लिहिलेलं सगळं वहीच्या दोन पानांवर उतरवून नेलं होतं. साठेक माणसं होती, बायका आम्ही चौघी.

उमेदवारांनी ऐकून घेतलं, हे आधी लिहिते. आयटीआयमधल्या रिकाम्या जागांचा आकडा त्यांना सांगता आला नाही. शेजारी बसलेल्या कार्यकर्त्यानं विषय बदलायचा प्रयत्न केला, त्याला त्यांनीच थांबवलं. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याबद्दल त्यांना माहिती होती, पण ते पुस्तिकेत का नाही यावर ते गप्प झाले. पहिल्या अधिवेशनात तो प्रश्न विचारीन असं त्यांनी माझ्या वहीत तारीख घालून लिहून दिलं. फोटो काढून ठेवलाय. पुढच्या वेळी दुसरे उमेदवार आले की त्यांच्याकडूनही हेच लिहून घेणार आहे.

वाळूजच्या दादांचा मेसचा प्रसंग मी जसाच्या तसा वाचून दाखवला. वाचताना माझा आवाज जरा अडकला. मागच्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, “माझं पोरगं असंच आलं परत, आम्ही त्यालाच बोललो.” मग त्याला पुढं बोलता येईना. उमेदवारांनी पुस्तिकेच्या नवव्या पानावर पेननं लिहिलं, ‘पहिले तीन महिने निवास आणि मेस’. छापतील का नाही ते बघू. सहा वर्षांत एक लाख हा आकडा कशावरून काढला, याला उत्तर मिळालं नाही. पुन्हा विचारणार आहे.

ऊसतोडीच्या हंगामाचं त्यांना पटलं. गाडीच्या वेळेचं मात्र ते म्हणाले की हे फार लहान काम आहे. मी म्हटलं, लहान आहे तर आधी करा. आगारप्रमुखांच्या नावे अर्ज मी सोमवारी टाईप केला, त्यावर पंचेचाळीस पालकांच्या सह्या झाल्यात.

मत कुणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

सर, त्या मुलाशी बोलले. आधी म्हणाला, एम.ए. करून कानस घासू का. मग दोन दिवसांनी स्वतःच आला आणि विचारलं, दहावीचा मार्कमेमो लॅमिनेट केलेला चालतो का. गुरुवारी सकाळच्या साडेसातच्या गाडीनं आम्ही दोघं तालुक्याच्या आयटीआयवर जाणार आहोत. तुम्हाला यायला जमलं तर या, तुमच्या ओळखीनं त्यांनी एक तास वर्कशॉपमध्ये उभं राहू दिलं तर बरं होईल. प्रवेशाचे अर्ज निघाले की फॉर्म मीच भरीन, त्याचे पैसे घेणार नाही.